हुकमाचं कापड

बाईने डोकं झाकायचं की उघडं ठेवायचं, यावर जगातले बहुतेक पुरुष आता बोलून झालेत. मुल्ला बोलले, शेंडीवाले बोलले, न्यायाधीश बोलले, फ्रान्सचे मंत्री बोलले, टीव्हीवरचे अँकर तर घसा फुटेस्तोवर बोलले. आता आपली चळवळीतली पोरंही बोलायला लागलीत. त्यांचे दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, बुरखा म्हणजे गुलामी, तो फाडलाच पाहिजे, फाडणारा कुणी का असेना. दुसरा म्हणतो, मुसलमान आपल्यासारखेच दडपलेले, तेव्हा त्यांच्या घरातल्या गोष्टीवर आपण तोंड उघडायचं नाही. पहिल्याला पुरोगामीपणाचा ताठा आहे, दुसऱ्याला एकजुटीचा. ते कापड जिच्या डोक्यावर आहे ती बाई दोघांच्याही बोलण्यात कुठेच सापडत नाही.

मी इथे मुख्यतः इराणबद्दल लिहिणार आहे. कारण तिथे हा वाद नुसता वाद राहिला नाही. पन्नास वर्षांच्या आत तिथल्या सरकारांनी एकदा पोलिसांकरवी बायकांच्या डोक्यावरचं कापड ओढून काढलं आणि एकदा पोलिसांकरवीच ते बांधायला लावलं. शिवाय तिथल्या सिनेमावाल्यांनी आणि चित्रकारांनी या हुकमाशी जी झुंज घेतली, तीतून आपल्या लिहिणाऱ्यांना पुष्कळ शिकता येण्यासारखं आहे. माझी शाळा दहावीला सुटली. फारसी मला येत नाही. हे सिनेमे मी तिसरी पाळी संपल्यावर मोबाईलवर, खालच्या इंग्रजी ओळी थांबवून थांबवून वाचत पाहिले. पण हुकूम म्हणजे काय, हे कळायला आपल्या माणसाला फारसी लागत नाही.

*

टीकाकाराने आपली मोजपट्टी आधी टेबलावर ठेवावी. माझी पट्टी महाडची आहे.

धर्माच्या नावाने सक्तीचा पोशाख, ही गोष्ट आपल्याला कुणी नव्याने समजावून सांगायला नको. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने काय नेसावं ते लिहून ठेवलंय. प्रेतावरची वस्त्रं नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावं, दागिना लोखंडाचा घालावा. म्हणजे माणूस लांबून येताना दिसला की त्याची जात कळली पाहिजे. पोशाख हा तिथे कपडा नाहीच, ते कपाळावर मारलेलं डागणं आहे.

त्रावणकोर संस्थानात नाडर बायकांना छाती झाकायला मनाई होती. झाकली तर वरच्या जातीचे लोक बाजारात अंगावरचं वस्त्र फाडायचे. त्या बायका कित्येक वर्षं लढल्या, दंगली झाल्या, तेव्हा कुठे १८५९ साली राजाने जाहीरनामा काढून अंग झाकायची परवानगी दिली. तीही अशी अट घालून, की उच्चवर्णीय बायकांसारखं झाकायचं नाही. आता बघा, त्रावणकोरात अंग झाकणं हा गुन्हा आणि तेहरानात डोकं न झाकणं हा गुन्हा. मग कापडाच्या लांबीरुंदीवरून स्वातंत्र्य कसं मोजणार? जास्त कापड म्हणजे गुलामी आणि कमी कापड म्हणजे मुक्ती, हे गणित मांडणाऱ्यांनी एकदा नाडर बायकांचा इतिहास वाचावा.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली. ती तारीख आपल्यातल्या पोरासोरालाही पाठ आहे. पण त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, ते आपल्या भाषणांतून फारसं येत नाही. ते त्यांना म्हणाले, अस्पृश्यपणाच्या खुणा अंगावर वागवू नका. लुगडं नेसायची पद्धत बदला, गळ्यातल्या त्या जड सऱ्या आणि हातातले कथलाचे दागिने टाकून द्या, ठिगळ लावलेलं असलं तरी चालेल पण स्वच्छ नेसा. आणि कोणतं वस्त्र वापरायचं, कोणत्या धातूचा दागिना घालायचा, यावर तुम्हाला कुणीही बंधन घालू शकत नाही. बायकांनी ते ऐकलं आणि लगेच अंमलात आणलं. घोट्यापर्यंत लुगडं नेसलेली महारीण पाहून गावोगाव सवर्णांच्या पोटात दुखलं.

कुणी म्हणेल, मग बाबासाहेबांनीही बायकांना काय नेसावं ते सांगितलंच की! सांगितलं. पण त्या सांगण्यामागे पोलिस नव्हता, फटका नव्हता, तुरुंग नव्हता. ज्या बाईने ऐकलं नसेल तिला कुणी गाडीत कोंबून नेलं नाही. आणि ते सांगणं दुसऱ्याने मारलेलं डागणं पुसून टाकायला होतं, नवं मारायला नव्हे. तेव्हा पट्टी ही अशी. हुकूम कुणाचा? मोडला तर शिक्षा कुणाला? आणि जिच्या अंगावर कापड आहे, तिला नाही म्हणता येतं का?

*

आता ही पट्टी इराणला लावू.

तिथे चादोर म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगाभोवती घ्यायचं एक मोठं कापड. तिला ना बाह्या, ना बटण, ना बंद. पुढून हाताने धरून ठेवायची. नुसता केस झाकणारा रुमाल वेगळा. १९३६ च्या जानेवारीत रझा शाहने फर्मान काढलं की बायकांनी चादोर आणि रुमाल टाकायचे. देश आधुनिक दिसला पाहिजे होता. अधिकाऱ्यांच्या बायका युरोपी टोप्या घालून समारंभांना हजर राहिल्या. पण साध्या घरच्या, जुन्या वळणाच्या बायकांचं काय? पोलिस भर रस्त्यात डोक्यावरचं कापड ओढायचे, फाडायचे. कितीतरी बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. ज्यांना मुक्त करायचं म्हणून फर्मान निघालं, त्या चार भिंतींत कोंडल्या गेल्या. १९४१ मध्ये परदेशी फौजा देशात शिरल्या, रझा शाहला गादी सोडावी लागली आणि ती सक्ती ढिली पडली.

त्यानंतर त्याचा मुलगा शाह झाला. १९७८ साली त्याच्याविरुद्ध देश पेटला. तेव्हा एरवी डोकं उघडं ठेवून कॉलेजात, कचेरीत जाणाऱ्या पुष्कळ बायकांनी मुद्दाम चादोर घेतली आणि मोर्च्यात उतरल्या. तुझ्या बापाने जे ओढून काढलं ते आम्ही आमच्या हाताने घेतोय, हा त्यातला भाव होता. त्या दिवसांत ते कापड बंडाचं होतं. हे ज्याला कळत नाही, त्याला इराण कळायचा नाही.

१९७९ च्या फेब्रुवारीत क्रांती जिंकली. ७ मार्चला खोमेनींनी जाहीर केलं की सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्या बायकांनी डोकं झाकल्याशिवाय यायचं नाही. दुसरा दिवस ८ मार्च. जागतिक महिला दिन. तेहरानात बर्फ पडत होतं आणि हजारो बायका रस्त्यावर आल्या. पुढचे काही दिवस येतच राहिल्या. मागे जाण्यासाठी आम्ही क्रांती केली नाही, ही त्यांची घोषणा होती. हेंगामे गोलेस्तान या बाईने त्या मोर्च्याचे फोटो काढलेत. ते मिळवून पाहा. बंडासाठी चादोर घेणाऱ्या आणि सक्ती आली म्हणून रस्त्यावर उतरलेल्या बायकांत पुष्कळजणी त्याच होत्या. कापड तेच राहिलं. मागचा हुकूम तेवढा बदलला.

गुंडांनी मोर्च्यावर दगड फेकले, चाकू चालवले. सरकार जरा दबलं. म्हणालं, हा उपदेश आहे, सक्ती नाही. पण १९८० मध्ये सरकारी कचेऱ्यांत सक्ती आली आणि १९८३ मध्ये कायदा झाला की डोकं न झाकणाऱ्या बाईला ७४ फटके. १९९६ च्या कायद्यात ती शिक्षा दहा दिवस ते दोन महिने कैद किंवा दंड अशी लिहिली गेली.

त्या मार्चमध्ये इराणचे डावे कुठे होते, हा प्रश्न मला सारखा सतावतो. बहुतेक डाव्या संघटनांनी बायकांना सांगितलं, आत्ता मुख्य शत्रू अमेरिका आहे, रुमालाचा प्रश्न फुटकळ आहे, तो मध्ये आणून क्रांती कमकुवत करू नका. पुढच्या काही वर्षांत त्याच संघटनांची माणसं तुरुंगात सडली आणि फासावर गेली. बाईच्या डोक्यावर चाललेला हुकूम सगळ्यांच्या गळ्यापर्यंत यायला वेळ लागला नाही. मित्रांनो, हे बोलणं ओळखीचं वाटत नाही का? आधी वर्ग, जातीचं नंतर बघू, असं लाल बावट्याने आपल्या बापजाद्यांना ऐकवलं. आपण चिडलो. आणि आज आपल्याच शाखेच्या बैठकीत एखादी पोरगी उठून बोलली की आपण काय सांगतो? आधी जात, बाईचं नंतर बघू.

२०१७ च्या डिसेंबरात तेहरानच्या इन्किलाब रस्त्यावर विदा मोवाहेद नावाची बाई एका वीजपेटीवर चढली, डोक्यावरचा पांढरा रुमाल काढून काठीला बांधला आणि तो धरून गप्प उभी राहिली. इन्किलाब म्हणजे क्रांती. क्रांतीच्या नावाच्या रस्त्यावर एका बाईला असं उभं राहावं लागलं, यावर वेगळी टिप्पणी कशाला हवी? तिला अटक झाली. तिच्यामागून आणखी पोरी तशाच उभ्या राहिल्या.

आणि २०२२. सक्केझ या कुर्दी गावची बावीस वर्षांची पोरगी तेहरानला आलेली. १३ सप्टेंबरला तिला पोशाखावर पहारा ठेवणाऱ्या पोलिसांनी उचललं, १६ तारखेला ती दवाखान्यात मेली. कागदावर तिचं नाव महसा अमिनी. घरचं कुर्दी नाव जीना. जगाने कागदावरचं नाव आधी उचललं. शूद्राचं नाव कसं असावं हेसुद्धा मनूने ठरवून दिलं होतं, तेव्हा या दोन नावांच्या मधली फट आपल्याला दिसली पाहिजे. ती बाई होती आणि दडपलेल्या जमातीची होती. सक्केझला तिच्या दफनाच्या वेळी बायकांनी रुमाल काढून हवेत फिरवले आणि कुर्दी भाषेत घोषणा दिली, जिन, जियान, आझादी. बाई, जगणं, स्वातंत्र्य. ती घोषणा कुर्दी चळवळीत आधीपासून होती. मग सगळ्या इराणने ती उचलली. स्वतः डोकं झाकणाऱ्या बायकाही त्या लढ्यात होत्या. शेकडो माणसं मारली गेली. २०२४ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी पथकाने सांगितलं की त्या मुलीचा जीव ज्या मारहाणीने गेला, तिला सरकार जबाबदार आहे. २०२३ चं शांततेचं नोबेल नर्गिस मोहम्मदी यांना मिळालं, तेव्हा त्या तेहरानच्या एविन तुरुंगात होत्या.

जाता जाता एक धंद्यातली गोष्ट सांगतो. चादोरचं काळं कापड इराणमध्ये मोठ्या प्रमाणावर जपान आणि दक्षिण कोरियाच्या गिरण्यांतून येत आलंय. धर्म देशी, फटके देशी, कापड मात्र आयात. आम्ही सूत कातणारी माणसं, आम्हाला याचं हसू येतं.

*

आता कलेकडे वळतो.

क्रांतीनंतर हा हुकूम सिनेमाच्या पडद्यावरही आला. पडद्यावर दिसणाऱ्या बाईचं डोकं झाकलेलंच हवं. रस्त्यावर हवं, तसंच घरातही हवं. स्वयंपाक करताना, नवऱ्याशी भांडताना, झोपेतून उठतानासुद्धा. खऱ्या घरात असं कुठे असतं? नवरा, बाप, भाऊ, मुलगा यांच्यासमोर डोकं झाकायला धर्माचा नियमही सांगत नाही. पण थेटरात परका पुरुष बसलेला, म्हणून पडद्यावरच्या बाईने स्वतःच्या नवऱ्यापुढे रुमाल बांधायचा! म्हणजे हुकमाने आधी बाईला झाकलं आणि मग कलेला खोटं बोलायला लावलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सक्तीच्या पोशाखावर वाद घालणारे विद्वान कायदा बोलतात, धर्म बोलतात, पण सक्तीमुळे वास्तव सांगायची ताकदच कशी खच्ची होते, हे बोलत नाहीत.

ज्यांना खोटं बोलायचं नव्हतं त्यांनी वाटा काढल्या. पुष्कळांनी घराच्या आतली दृश्यं टाळली. अब्बास किआरोस्तामीचा 'टेन' हा २००२ चा सिनेमा घ्या. सगळा सिनेमा एका मोटारीत घडतो. गाडी चालवणारी एक बाई आणि तिच्या शेजारी बसणारी माणसं, अशी दहा संभाषणं. मोटार म्हणजे ना घर ना रस्ता. तिथे बाईच्या डोक्यावर रुमाल असतोच, त्यामुळे पडदा खोटं बोलत नाही. एका प्रसंगात शेजारी बसलेल्या पोरीचा रुमाल मागे सरतो. खाली केस नाहीत. तिने डोकं भादरलंय. ज्याच्याशी लग्न होईल असं वाटत होतं तो माणूस तिला सोडून गेलाय. ती रडते आणि हसतेही. सरकारचा हुकूम केसांवर होता आणि तिने केसच ठेवले नाहीत. आता कायदा काय झाकणार? यात एक घोषणा नाही, एक शिवी नाही. पण मला त्या एका प्रसंगात सगळा कायदा उघडा पडलेला दिसला.

जाफर पनाहीचा 'द सर्कल' २००० चा. व्हेनिसला सोन्याचा सिंह मिळाला आणि घरी बंदी मिळाली. तुरुंगातून बाहेर पडलेल्या बायका शहरभर फिरतात. एकट्या बाईला गावी जायचं तिकीट काढता येईना, कुठे आत शिरायला चादोर हवी, पुरुषाचा कागद हवा, साधी सिगारेट ओढायची चोरी. सुरुवातीला दवाखान्याच्या दाराची छोटी खिडकी दिसते. आत मुलगी जन्मलीय आणि बाहेर आजीला घाम फुटलाय. शेवटी तुरुंगाच्या दाराची तसलीच खिडकी. पनाही चादोरीला राक्षस करत नाही. तो फक्त मोजून दाखवतो की दिवसभरात ती बाईला किती ठिकाणी अडवते. आपल्या कथाकारांनी हे मोजणं शिकावं.

मर्जान सत्रापीचं 'पर्सेपोलिस' हे चित्रांतून सांगितलेलं आत्मकथन आहे. २००० पासून ते फ्रान्समध्ये निघालं. ती पॅरिसला राहून काढत होती, म्हणून तिच्या शाईवर कुणाचा पहारा नव्हता. सुरुवातच १९८० मधल्या शाळेतल्या सक्तीने होते. दहा वर्षांच्या पोरींना डोक्याचं कापड वाटलंय. आणि पोरी काय करतात? त्याचा दोर करून उड्या मारतात, ते घेऊन खेळतात. हुकमाची अशी टिंगल मोठ्यांना सुचली नसती. पण या पुस्तकावर माझा एक आक्षेप आहे. घर पुढारलेलं, मार्क्स वाचणारं. त्या घरात मेहरी नावाची मोलकरीण आहे, लहानपणीच कामाला आणून ठेवलेली. तिचं शेजारच्या मुलावर प्रेम बसतं. ती मोलकरीण आहे हे त्याला माहीत नसतं. मर्जीचा पुरोगामी बापच जाऊन ते सांगतो आणि प्रकरण मिटतं. ज्याने त्याने आपल्या पायरीवर राहावं, हे तो मुलीला समजावतो. सत्रापीने हे लपवलं नाही, हा तिचा मोठेपणा. पण मेहरीची गोष्ट आपण मालकिणीच्या मुलीच्या तोंडून ऐकतो. सक्तीचं कापड दोघींच्या डोक्यावर आलं. मेहरीच्या डोक्यावर त्याआधीच एक अदृश्य कापड होतं, आणि ते घालायला कुणा मुल्लाची गरज पडली नव्हती. मेहरीने स्वतः पेन उचललं असतं तर? आपल्या साहित्याचा जन्म याच प्रश्नातून झाला, म्हणून तो मी इथे विचारतो.

आणि २०२४ चा 'माय फेव्हरेट केक'. दिग्दर्शक दोघं, मरियम मोगद्दम आणि बेहताश सनाईहा. सत्तर वर्षांची विधवा माहीन तेहरानात एकटी राहते. मुलं परदेशात. एक दिवस ती एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याला आपण होऊन घरी बोलावते. दोघं खातात, पितात, नाचतात. आणि घरात तिच्या डोक्यावर काही नाही. उघडे केस, घरातले कपडे. बस्स, एवढंच! कुणी क्रांतीचं भाषण केलेलं नाही. एक म्हातारी स्वतःच्या घरात जशी असते तशी दाखवली. सरकारने दोघा दिग्दर्शकांचे पासपोर्ट काढून घेतले, बर्लिनच्या महोत्सवाला त्यांना जाऊ दिलं नाही. खरं दाखवणं हाच गुन्हा झाला. त्याच सिनेमात बागेत पोलिस पोरींना गाडीत घालत असतात आणि ही म्हातारी मध्ये पडून एकीला सोडवते. तिचं ते हट्टाने भांडणं पाहताना मला आमच्या वस्तीतल्या नळावरच्या आज्या आठवल्या.

*

आता आपल्या कवितेबद्दल, कारण तिथे माझं दुखणं आहे.

बुरख्यावरच्या मराठी कविता मी पुष्कळ ऐकल्यात. आपल्या पोरांच्याही ऐकल्यात. काळोख, पिंजरा, कबर, जाळीआडचे कैदी डोळे. प्रत्येक कवितेत हेच सामान. कवी बाहेर उभा राहून हुंदका देतो आणि बाई आत मुकी. पांढरपेशा कवीने महारवाड्यावर असंच लिहिलं होतं, दयेने ओथंबलेलं. आपल्या आधीच्या पिढीने ती दया त्याच्या तोंडावर फेकली. कारण तीत माणूस नव्हता, कवीचा चांगुलपणा तेवढा होता. मग आता आपणच दुसऱ्याच्या मोहल्ल्यासमोर उभं राहून तीच दया का वाटतोय?

बघायचंच असेल तर नीट बघा. चादोर हाताने धरावी लागते, म्हणजे बाईचा एक हात कायमचा गेला. कडेवर पोर, दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी, मग ती कापडाची कड दातांत धरते. मी यंत्रावर दोन्ही हातांनी काम करणारा माणूस. एक हात गेला म्हणजे काय ते मला कळतं. कविता त्या दातांत धरलेल्या कडेत आहे. आणि हेही बघा की आमच्या सूतगिरणीत बायका स्वतःहून डोक्याला फडकं बांधतात. कापसाचे तंतू उडतात, केसांत, नाकात जातात. चालत्या पट्ट्याजवळ सुटा पदर नको, हा तिथला नियम आहे आणि तो सगळ्यांना पटतो, कारण तो त्यांचाच जीव वाचवतो. यंत्राला बाईचा धर्म कळत नाही, तिची अब्रूही कळत नाही. नियम आणि हुकूम यांतला हा फरक ज्याला हाताने माहीत आहे, त्याने तो कवितेत आणावा.

*

शेवटी आपल्या दाराशी. तेहरानचा हुकूम बांधायचा होता, इथला सोडायचा आहे. उडुपीच्या सरकारी कॉलेजात डोक्यावर रुमाल घेतलेल्या मुलींना वर्गाबाहेर ठेवलं, ५ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक सरकारने गणवेशाचा आदेश काढला, १५ मार्चला हायकोर्टाने तो उचलून धरला आणि १३ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल पडले. आपल्या मुंबईत चेंबूरच्या एका कॉलेजानेही तीच मनाई केली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने तिला काही प्रमाणात स्थगिती दिली आणि टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का, असं विचारलं.

इथे आपली पट्टी लावा. हुकूम कुणाचा? सरकारचा, कॉलेजचा. शिक्षा कुणाला? शिकायला आलेल्या मुलीला. शिक्षा काय? शिक्षण बंद. सावित्रीबाईंच्या नावाने जयंत्या करणाऱ्या आपण, मुलगी वर्गाबाहेर उभी करणाऱ्याच्या रांगेत उभं राहायचं? त्या फेब्रुवारीत चिकमगळूरच्या कॉलेजातल्या दलित पोरांनी निळे शेले घातले आणि भगव्या शेल्यांसमोर जय भीम म्हणत त्या मुलींच्या बाजूने उभे राहिले. ते बरोबर होते.

पण तिथेच थांबलो तर अर्धंच काम. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात पडद्याच्या चालीवर कडक लिहिलंय. शरीर, मन आणि नीती या तिन्हींवर तिचा काय परिणाम होतो ते त्यांनी आडपडदा न ठेवता मांडलं. तेवढंच पान आज भगवे लोक फिरवतात. पुढचं पान कुणी उलटत नाही. तिथे बाबासाहेब सांगतात की मुसलमानांतली सुधारणा का अडलीय. बहुसंख्य हिंदूंच्या वातावरणात आपण गिळले जाऊ, या धास्तीने त्यांचं सगळं बळ राजकीय झगड्यात जातं आणि घरातली सुधारणा मागे राहते. म्हणजे उडुपीसारखी प्रत्येक घटना ती धास्ती वाढवते आणि घरातल्या मुल्लाचे हात बळकट करते. १९७० साली पुण्यात हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, ते आतून उठलेलं काम होतं. जोतिबांचा शब्द त्यांनी नावात घेतला. अशा आतल्या आवाजाला बळ द्यायचं तर बाहेरचा दंडुका आधी खाली ठेवावा लागतो.

तेव्हा पहिल्या तटाला माझं सांगणं, फाडणाऱ्याचा हात कुणाचा ते बघा, रझा शाह विसरू नका. दुसऱ्या तटाला सांगणं, तेहरानच्या फटक्यांवर गप्प राहणं ही एकजूट नाही. जी मुलगी उडुपीत रुमालासाठी लढते आणि जी तेहरानात तो काढून काठीला बांधते, त्या दोघींना एकाच दमात पाठिंबा देता येतो, दिलाच पाहिजे. त्यात ज्याला गोंधळ दिसतो त्याची नजर अजून कापडावरच अडकलीय.

आणि पट्टी स्वतःच्या घरालाही लावायची. विहारात वंदनेला पांढरी साडीच हवी, लग्नात नवरीने पांढरंच नेसावं, रंगीत नेसलेल्या पोरीकडे बघून वस्तीतल्या काकांनी नाक मुरडावं, असं आपल्याकडे होतं की नाही? पांढरं नेसणं चांगलंच आहे, मनाने नेसलं तर. नाहीतर महाडला टाकलेल्या सऱ्या आपण दुसऱ्या रंगात परत गळ्यात अडकवतोय.

मी पुरुष. मला जे दिसलं ते लिहून झालं. पुढच्या अंकात या विषयावर बायकांनी लिहावं. आपल्या वस्तीतल्या आणि पलीकडच्या मोहल्ल्यातल्याही. डोकं झाकणाऱ्या, न झाकणाऱ्या, दोघींनी. संपादकांना विनंती, त्यांच्या लेखनाची भाषा सुधारत बसू नका. आहे तसं छापा.

जय भीम.